मुक्त प्रणाली आणि भारतीय लिपी: संस्थात्मक ज्ञानभांडारांचा इतिहास

वि. स. खांडेकर यांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेण्याचे मोठे काम का. श्री. श्री. या नावाने परिचित असलेल्या भाषांतरकाराने केले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर असल्यामुळे तेथे खांडेकरांचे आडनाव ‘कांडेकर’ असे लिहिले जाते. कादंबरीच्या वाचकाला त्याची अडचण होत नाही. परंतु खांडेकरांविषयी मराठी, गुजराती आणि तमिळ या भाषांत झालेले संशोधन एकत्र पाहू इच्छिणाऱ्या तौलनिक अभ्यासकापुढे एक अगदी प्राथमिक प्रश्न उभा राहतो: हे नाव कोठे आणि कोणत्या रूपात शोधावयाचे?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. ती मराठीत, देवनागरीत आणि मराठी वाचकासाठी होती. साहित्य अकादेमीने १९६२ पासून खंडशः प्रकाशित केलेल्या, १९०१ ते १९५३ या काळातील भारतीय साहित्याच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीने दुसरा मार्ग स्वीकारला. बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी यांच्या संपादकत्वाखालील या सूचीत सर्व भाषांतील ग्रंथांची नोंद रोमन लिपीत झाली. पहिल्या मार्गाने ग्रंथाची लिपी जपली, परंतु शेजारच्या भाषेतील अभ्यासकाला सूचीचे दार बंद राहिले. दुसऱ्या मार्गाने सर्व भाषा एका वाचकाच्या आवाक्यात आणल्या. मात्र कोणताही ग्रंथ स्वतःच्या अक्षरांत दिसला नाही. छापील पानावर या दोहोंपैकी एकाची निवड करणे बहुधा अपरिहार्य होते.

अंकीय ज्ञानभांडारांनी ही अपरिहार्यता दूर केली. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था आपले लेख, प्रबंध व अहवाल ज्यांत साठवितात, त्या मुक्तस्रोत प्रणालींत एका ग्रंथाचे शीर्षक अनेक लिपींत नोंदविण्याची जागा जवळजवळ आरंभापासून आहे. असे असूनही भारतीय भाषांतील संशोधनाच्या बाबतीत ती बरीचशी रिकामी राहिली. असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर या प्रणालींचा इतिहास पाहावा लागतो.

१. पदार्थविज्ञानातील उगम

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः ऑगस्ट १९९१ मध्ये धरला जातो. अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत पॉल गिन्स्पार्ग यांनी सैद्धान्तिक पदार्थविज्ञानातील अप्रकाशित लेखांच्या देवाणघेवाणीसाठी एक स्वयंचलित व्यवस्था सुरू केली. पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने प्रसिद्धीस आलेली ही व्यवस्था २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली. मुद्रणपूर्व लेख टपालाने परस्परांस पाठविण्याची प्रथा पदार्थविज्ञानात आधीपासून रूढ होती; गिन्स्पार्ग यांनी तिला नवे माध्यम दिले.

या प्रथेला सर्व विद्याशाखांसाठी तत्त्वाचे रूप देण्याचा प्रयत्न स्टीव्हन हार्नाड यांनी केला. जून १९९४ मध्ये त्यांनी मांडलेला प्रस्ताव असा होता, की ज्या लेखनाचा मोबदला लेखक मागत नाही, ते लेखन त्याने स्वतःच सर्वांसाठी खुले करावे. हार्नाड यांचा युक्तिवाद जाणीवपूर्वक नियतकालिकांतील संशोधनलेखापुरता मर्यादित होता. विक्रीसाठी लिहिलेले ग्रंथ त्यांनी बाहेर ठेवले होते. साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ही मर्यादा महत्त्वाची आहे. मराठी समीक्षेचा मोठा भाग प्रकाशनसंस्थांनी काढलेल्या ग्रंथांत, गौरवग्रंथांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेला आहे. ज्या तत्त्वावर ज्ञानभांडाराची कल्पना उभी राहिली, त्या तत्त्वाच्या कक्षेत हे लेखन सहजपणे येत नाही. परिणामी साहित्याच्या क्षेत्रात भांडाराकडे प्रामुख्याने येते ते विद्यापीठाला सादर केलेले प्रबंध.

हार्नाड यांच्या प्रेरणेने साउथॅम्प्टन विद्यापीठात १९९७ मध्ये ‘कॉगप्रिंट्स’ हे बोधनविज्ञानाचे भांडार सुरू झाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतील सांता फे येथे भरलेल्या बैठकीतून ‘ओपन आर्काइव्हज इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम आकारास आला. निरनिराळ्या भांडारांतील नोंदी एकत्र गोळा करता याव्यात यासाठी एक सामायिक संकेतावली ठरविणे, हे त्याचे कार्य होते. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आणि दुसरी जून २००२ मध्ये आली. प्रत्येक भांडाराने आपल्या नोंदी किमानपक्षी ‘डब्लिन कोअर’ या पंधरा घटकांच्या नमुन्यात द्याव्यात, अशी तिची अट आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेवरून या नमुन्याला हे नाव मिळाले. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा असे त्याचे घटक आहेत.

या संकेतावलीनुसार पाठविली जाणारी सर्व माहिती युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात असणे अनिवार्य आहे. याचा अर्थ असा, की देवनागरी, बंगाली वा तमिळ अक्षरे एका भांडारातून दुसऱ्या भांडारात जाण्याला तांत्रिक पातळीवर कधीच मज्जाव नव्हता. रस्ता आधीच तयार होता.

२. तीन प्रणाली, तीन दृष्टी

याच वातावरणात तीन उल्लेखनीय मुक्तस्रोत प्रणाली तयार झाल्या. साउथॅम्प्टन येथील ‘ईप्रिंट्स’ २००० मध्ये जीपीएल परवान्याखाली आली. प्रणालीची स्रोतसंहिता पाहण्याची व बदलण्याची मुभा हा परवाना देतो. मात्र बदललेली प्रणाली इतरांना द्यावयाची असेल, तर तिची स्रोतसंहिताही खुली ठेवावी लागते. ‘ईप्रिंट्स’मागील दृष्टी संशोधनलेखाची होती. लेखकाने आपला लेख स्वतः सादर करावा आणि तो त्वरित वाचला जावा, हा तिचा हेतू होता.

‘ईप्रिंट्स’ची पहिली आवृत्ती लिहिणारे रॉबर्ट टॅन्सली पुढे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयांच्या सहकार्याने ‘डीस्पेस’ ही प्रणाली घडविली जात होती. ती नोव्हेंबर २००२ मध्ये खुली झाली. तिचा बीएसडी परवाना अधिक सैल असून बदल खुले ठेवण्याची अट त्यात नाही. ‘डीस्पेस’मागील दृष्टी ग्रंथपालाची होती. तिच्या रचनेत विद्यापीठाची प्रतिमा दिसते: विभाग वा केंद्र म्हणजे ‘समुदाय’, त्याखाली ‘संग्रह’, संग्रहात ‘वस्तू’ आणि वस्तूच्या पोटात प्रत्यक्ष संगणकीय धारिका. प्रत्येक वस्तूला ‘हँडल’ या व्यवस्थेतून एक स्थायी ओळखक्रमांक मिळतो. संगणक बदलला, संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही.

‘डीस्पेस’च्या निर्मात्यांनी जतनाचे दोन प्रकार मानले आणि हा भेद पुढील विवेचनासाठी फार उपयुक्त आहे. पहिला प्रकार द्विमान जतनाचा: सादर केलेली धारिका एकाही अंकाचा फरक न होता तशीच टिकविणे. दुसरा कार्यात्मक जतनाचा: तंत्रे व धारिकांचे प्रकार बदलत गेले तरी ती धारिका वापरता येईल अशा स्थितीत ठेवणे. पहिल्या प्रकारात वस्तू जपली जाते, दुसऱ्यात तिचा उपयोग. पहिले साधले म्हणून दुसरे साधतेच असे नाही.

तिसरी प्रणाली न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाची ‘ग्रीनस्टोन’. १९९५ मध्ये सुरू झालेल्या न्यूझीलंड अंकीय ग्रंथालय प्रकल्पातून, इयन विटन यांच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली आणि २००० पासून युनेस्को व बेल्जियममधील ‘ह्यूमन इन्फो’ या संस्थेच्या सहकार्याने तिचे वितरण होऊ लागले. माओरी समाजात मोलाच्या मानल्या जाणाऱ्या हिरव्या दगडावरून तिला नाव मिळाले. तयार संग्रह सीडीवर उतरवून इंटरनेटशिवाय वापरण्याची सोय तिच्यात होती. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील माओरी वृत्तपत्रांचा ‘निउपेपा’ हा संग्रह याच प्रणालीवर उभा राहिला आणि तो वाचण्याचे मुखपृष्ठही माओरी भाषेत होते. अल्पसंख्याकांच्या भाषेतील साहित्य त्या भाषेतूनच शोधता आले पाहिजे, ही अपेक्षा येथे पुढच्या सुधारणेसाठी राखून ठेवली नव्हती. प्रकल्पाच्या उभारणीतच तिला स्थान होते. ‘निउपेपा’मागे केवळ संगणकतज्ज्ञ नव्हते, भाषा जाणणारेही होते. प्रणालीचे मुक्त असणे ही केवळ शक्यता असते. तिचे प्रत्यक्षात रूपांतर करण्यासाठी त्या भाषेची जबाबदारी घेणारी माणसे लागतात, हा ‘ग्रीनस्टोन’च्या इतिहासाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

तिघींपैकी ‘डीस्पेस’चा प्रसार विद्यापीठांत सर्वाधिक झाला. तिची धुरा २००७ मध्ये एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे, २००९ मध्ये ‘ड्युरास्पेस’ या संस्थेकडे आणि २०१९ मध्ये त्या संस्थेच्या विलीनीकरणानंतर ‘लिरासिस’कडे गेली. २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत वापरकर्त्यासमोरील भाग संपूर्णपणे नव्याने बांधला गेला. संस्था बदलल्या तरी प्रणाली टिकली, याचे श्रेय मुक्त परवान्याला द्यावे लागते.

३. भारतातील स्वीकार

भारतात या प्रणालींचे स्वागत प्रथम विज्ञानसंस्थांनी केले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये ‘ईप्रिंट्स’वर आधारित भांडार सुरू केले, ते देशातील पहिले संस्थात्मक भांडार मानले जाते. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या, बंगळूरच्याच प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राने ‘डीस्पेस’चा वापर व प्रशिक्षण यांत पुढाकार घेतला. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे भांडारही ‘डीस्पेस’वर उभे राहिले. मराठी आणि कोंकणी भाषकांच्या भूमीवरील हे भांडार उत्तम चालले, परंतु त्याला या भाषांचा प्रश्न सोडवावा लागला नाही. समुद्रविज्ञानाचे संशोधन इंग्रजीत होते. भारतीय विज्ञानसंस्थांना ही प्रणाली जशी आली तशी पुरली.

भाषेचा प्रश्न ज्यांनी आरंभीच ओळखला, त्यांत म्हैसूर विद्यापीठातील ‘विद्यानिधी’ या प्रकल्पाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. भारतीय प्रबंधांचे अंकीय ग्रंथालय उभारण्यासाठी २००० च्या सुमारास शालिनी अर्स यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या प्रकल्पाने कन्नड आणि हिंदी प्रबंधांच्या नोंदी त्या त्या लिपीत, युनिकोडमध्ये ठेवण्याचा प्रयोग केला. भारतीय लिपींतील नोंदी एका सामायिक माहितीसाठ्यात ठेवता येतात आणि शोधता येतात, हे या प्रयोगाने दाखविले.

राष्ट्रीय पातळीवरील निर्णायक वळण २००९ मध्ये आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. व पीएच. डी. संबंधीच्या विनियमांत अशी तरतूद केली, की पदवी जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांच्या आत विद्यापीठाने प्रबंधाची संगणकीय प्रत आयोगाकडे पाठवावी आणि ती ‘इन्फ्लिबनेट’मार्फत सर्वांना उपलब्ध व्हावी. यातून ‘शोधगंगा’ हे भांडार विस्तारले. त्याची प्रणाली ‘डीस्पेस’ आहे. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. जे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका प्रतीच्या रूपाने बंदिस्त असत, ते घरबसल्या वाचता येऊ लागले. मराठीच्या दृष्टीने याचे महत्त्व अधिक आहे, कारण मराठीचे संशोधन केवळ महाराष्ट्रात होत नाही. बडोदा, हैदराबाद, दिल्ली, गोवा अशा ठिकाणच्या विद्यापीठांतही ते होत आले आहे. बडोद्यातील अभ्यासकाला हैदराबाद येथील प्रबंधाचा पत्ता लागणे, ही एरवी वैयक्तिक परिचयावर अवलंबून असलेली गोष्ट होती.

४. दिसणारी आणि न सापडणारी अक्षरे

‘डीस्पेस’ची शोधव्यवस्था कशी चालते हे पाहिले, म्हणजे या उपलब्धतेची मर्यादा ध्यानात येते. प्रबंधाची पीडीएफ धारिका दाखल झाली की प्रणालीतील एक उपकरण तिच्यातील मजकूर वेगळा काढते आणि त्याची शब्दसूची तयार करते. वाचकाने शब्द टाकला की शोध या सूचीत आणि नोंदीत घेतला जातो. धारिका केवळ पानांची छायाचित्रे असेल तर तिच्यात काढण्याजोगा मजकूरच नसतो. मराठी प्रबंधाच्या बाबतीत याहून गुंतागुंतीची स्थितीही उद्भवते: मजकूर असतो, पण तो मराठी नसतो.

याचे मूळ टंकांच्या इतिहासात आहे. भारतीय लिपींसाठी इस्की ही राष्ट्रीय संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून निश्चित झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. परंतु टंकलेखन केंद्रांतील व्यवहार या मानकांवर चालला नाही. विंडोज २००० पूर्वीच्या विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती आणि पुस्तकांच्या जुळणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेजमेकरला भारतीय लिपींचे युनिकोड कधीच साधले नाही. म्हणून ‘श्री-लिपी’, ‘कृतिदेव’ यांसारखे टंक रूढ झाले आणि युनिकोड उपलब्ध झाल्यावरही अनेक वर्षे टिकले. या टंकांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या व विरामचिन्हांच्या संकेतस्थानांवर बसविलेली असतात. काही अक्षरे अर्धे व्यंजन आणि काना अशा दोन तुकड्यांनी जुळतात; ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने न येता दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी येते. कागदावर वा पडद्यावर पान निर्दोष दिसते. यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन समूह असतो, आणि शब्दसूचीत तोच जातो. असा प्रबंध द्विमान जतनाच्या दृष्टीने सुरक्षित आहे. कार्यात्मक दृष्टीने तो भांडारात असूनही नाही.

युनिकोडमध्ये लिहिलेल्या प्रबंधालाही काही अडचणी उरतात. ‘डीस्पेस’च्या आरंभीच्या शोधव्यवस्थेत इंग्रजी शब्दांचे प्रत्यय काढून मूळ रूप ओळखण्याची योजना होती. मराठी विभक्तींसाठी तिचा उपयोग नाही. ‘खांडेकर’, ‘खांडेकरांनी’ आणि ‘खांडेकरांच्या’ हे तिच्या लेखी तीन स्वतंत्र शब्द आहेत. पूर्ण मजकुराचा शोध असा अपुरा पडतो तेव्हा सारा भार नोंदीवर येतो.

५. नोंद: रिकामी राहिलेली जागा

‘डीस्पेस’मध्ये नोंदीतील कोणताही घटक कितीही वेळा पुन्हा भरता येतो आणि प्रत्येक मूल्याला भाषेचा संकेत जोडता येतो. एकाच प्रबंधाचे शीर्षक देवनागरीत, रोमन लिप्यंतरात आणि इंग्रजी भाषांतरात अशा तिन्ही रूपांत ठेवता येते. दात्यांची सूची आणि साहित्य अकादेमीची सूची यांतील विरोध येथे उरत नाही. २०१० मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीपासून प्रमाणित नामसूचीची सोयही झाली. तिच्या आधारे एका व्यक्तीच्या नावाची भिन्न रूपे एकत्र बांधता येतात.

प्रत्यक्षात मराठी प्रबंधांच्या नोंदींत शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी केवळ इंग्रजी भाषांतराच्या रूपात आढळते. विषयदर्शक शब्द बहुधा इंग्रजी असतात. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या मराठीतील स्वीकाराचा विचार करणाऱ्या अभ्यासकाचे उदाहरण घेता येईल. मामा वरेरकर यांच्या भाषांतरांमुळे हा लेखक मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा झाला. त्याचे नाव मराठीत शरच्चंद्र, शरत्चंद्र, शरदचंद्र असे लिहिले जाते. आडनाव चट्टोपाध्याय किंवा चॅटर्जी. रोमन लिपीत स आणि श यांच्या लेखनभेदामुळे रूपांची संख्या आणखी वाढते. ही रूपे कोणी एकत्र बांधली नसतील, तर मराठीतील प्रबंध, बंगालीतील प्रबंध आणि इंग्रजीतील प्रबंध एकाच भांडारात राहूनही परस्परांस अपरिचित राहतात. १९५६ मध्ये यादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला, तेव्हापासून भारतीय भाषांतील संशोधनाचा परस्परपरिचय ही या विद्याशाखेची मूलभूत गरज राहिली आहे. तिची पूर्तता करू शकणारे साधन हाताशी आले, आणि नावाच्या रूपावर अडले.

याचा दोष प्रणालीवर टाकता येत नाही. नोंद भरण्याचे काम तांत्रिक मानले गेले आणि भाषाविभागांनी ते ग्रंथालयाकडे वा संगणककेंद्राकडे सोपवून दिले. शरच्चंद्र आणि चॅटर्जी ही एकाच लेखकाची नावे आहेत, कांडेकर म्हणजे खांडेकर, हे ज्ञान मात्र भाषाविभागाकडेच असते. त्यासाठी मोठा निधी वा नवी प्रणाली लागत नाही. प्रबंध सादर करतानाच शीर्षक मूळ लिपीत, रोमन लिप्यंतरात आणि इंग्रजीत द्यावे. भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरावा. पीडीएफबरोबर युनिकोडमधील मजकूर जोडावा. अभ्यासविषय असलेल्या लेखकांच्या नावांची प्रचलित रूपे मार्गदर्शकाने तपासून द्यावीत. जुन्या छायाचित्रित प्रबंधांसाठी अक्षरओळखीची मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत. मूळ ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेले आणि २००५ मध्ये खुले झालेले ‘टेसरॅक्ट’ आता मराठीही वाचू शकते. त्याच्या वाचनातील चुका दुरुस्त करण्यास मराठी जाणणारा माणूस लागतो.

दात्यांनी ग्रंथ स्वतः पाहून, पडताळून आपली सूची सिद्ध केली. ते काम त्या काळी एका व्यक्तीच्या व्यासंगावर उभे राहिले. आज त्याचे लहान लहान अंश प्रत्येक विद्यापीठातील मराठीच्या प्रत्येक मार्गदर्शकाच्या वाट्याला येतात. एका प्रबंधामागे ते अर्ध्या तासाचेही काम नाही. ते होत नाही तोवर पुढील अभ्यासक तोच विषय पुन्हा नव्याने आरंभ करील, कारण आधीचा प्रबंध त्याला सापडलेला नसेल.